मोठा टीव्ही घ्यायचाय? आधी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा

आमच्या नात्यात कुणाला टीव्ही घ्यायचा झाला की फोन मला येतो. मी काही इंजिनिअर नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मी एक साफ चुकीचा टीव्ही घेतला होता आणि तो सगळ्या नातेवाइकांनी येऊन पाहिलाय, एवढीच माझी पात्रता. ५० इंची, फोर-के (म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके), खोक्यावर एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राचा, चकचकीत शिक्का. दुकानात त्यावर पोपट नाचत होते, संत्र्याच्या फोडींवरचं पाणी चमकत होतं. घरी आणला, रात्री दिवे मालवून सिनेमा लावला, तर अंधारातला प्रसंग काळा दिसायच्या ऐवजी नीळ जास्त पडलेल्या पांढऱ्या शर्टासारखा. चारही कोपऱ्यांत पांढुरके डाग. आई दहा मिनिटं बसली, "काही दिसतच नाहीये" म्हणाली आणि झोपायला गेली.

तेव्हापासून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. ज्यांचं बजेट साधारण ४० ते ७५ हजार आहे, ज्यांना रात्री सिनेमे पाहायचेत आणि ज्यांच्या घरात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा गेमिंग लॅपटॉप आहे, अशांसाठी हे आहे. लाखाच्या पुढे जाणार असाल तर चुका करायलाही जरा जास्त वाव असतो.

पायरी १ : टेप घ्या, दुकानात नंतर जा

हॉल १० फुटांचा आहे म्हणून टीव्ही १० फुटांवरून पाहतो, असं होत नाही. टीव्हीचं युनिट भिंतीपासून फूटभर पुढे येतं. समोर सोफ्याची पाठ आणि आपलं डोकं मिळून आणखी दीड फूट खातात. उरले साडेसात. मोजायचं ते डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर.

आता त्याचे इंच करा. साडेसात फूट म्हणजे ९० इंच. त्याला १.६ ने भागा, ५६ येतात. १.२ ने भागा, ७५ येतात. पहिल्या आकड्यापेक्षा लहान टीव्ही घेतलात तर सिनेमा बघताना आपण टीव्ही बघतोय हे सारखं जाणवत राहतं. दुसऱ्या आकड्याच्या पुढे गेलात तर थिएटरात पुढच्या रांगेत बसल्यासारखी मान फिरवावी लागते. म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या १० फुटी हॉलला ५५ इंच किमान, ६५ आरामात. "६५ म्हणजे फारच मोठा नाही का होणार?" असं सगळेच विचारतात. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तो मोठा वाटल्याची तक्रार मी अजून ऐकलेली नाही. लहान झाल्याची खूपदा ऐकली आहे.

तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका. जुनी वर्तमानपत्रं घ्या आणि भिंतीवर पडद्याच्या मापाचा कागद चिकटवा. ५५ इंचीचा पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ उंच असतो. ६५ इंचीचा १४४ बाय ८१. ७५ इंचीचा १६६ बाय ९३. ५५ आणि ६५ मध्ये ऐकायला दहाच इंचांचा फरक, पण तो कर्णाचा. क्षेत्रफळात पडदा जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो. कागद दोन दिवस तसाच राहू द्या. दार उघडताना अडतंय का, खिडकीचा उजेड थेट त्यावर पडतोय का, सगळं कळतं.

उंचीही याच वेळी ठरवा. आजी-आजोबांच्या फोटोंच्या रांगेत टीव्ही टांगायची आपल्याकडे एक खोड आहे. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. पडद्याचा मध्य तिथेच आसपास हवा. फार तर चार-सहा इंच वर. दोन तासांचा सिनेमा वर बघत पाहिला की मान सांगते काय ते.

आणि जिना बघा. ६५ इंचीचं खोकं साधारण सव्वापाच फूट लांब भरतं, ते उभंच न्यावं लागतं, आडवं टाकायचं नसतं. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ७५ चं खोकं मावत नाही आणि चौथ्या मजल्यापर्यंत ते चढवणाऱ्या दोघांच्या तोंडचे शब्द सोसायटीभर ऐकू जातात.

पायरी २ : काळा रंग किती काळा

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच घालावेत, म्हणून इथे जरा थांबते.

'एलईडी टीव्ही' म्हणून जो विकतात तो एलसीडीच असतो, मागे एलईडीचे दिवे लावलेला. पडदा म्हणजे लाखो बारीक झडपा आहेत असं समजा. मागून उजेड सारखा येत असतो, झडप उघडली की दिसतो, मिटली की अडतो. पण मिटलेल्या झडपेतूनही थोडा उजेड झिरपतोच. तो किती झिरपतो यावर काळा रंग काळा दिसणार की राखाडी, हे ठरतं.

स्वस्त टीव्हीत मुख्यतः दोन जातीचे पॅनेल येतात. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण हजाराला एक, म्हणजे त्याचा पांढरा त्याच्या काळ्यापेक्षा हजारपट उजळ. व्हीए पॅनेलचा तीन ते पाच हजाराला एक. दिवसा दहा माणसं चहूबाजूंनी बसून क्रिकेट बघणार असतील तर आयपीएस बरं, कारण बाजूने बघितलं तरी रंग उतरत नाहीत. रात्री दोघं-तिघं समोर बसून सिनेमा बघणार असाल तर व्हीए. पॅनेलची जात खोक्यावर बहुधा छापलेली नसते आणि एकाच मॉडेलच्या ५५ आणि ६५ इंचीत वेगवेगळं पॅनेल निघू शकतं. यावर एक गावठी उपाय : दुकानात टीव्हीच्या अगदी बाजूला जाऊन उभ्या राहा. चेहरे फिकट, धुतल्यासारखे दिसले तर बहुधा व्हीए. विक्रेता ओशाळेल, तुम्ही मनात खूश व्हा.

काळ्याचं एवढं कौतुक कशाला, तर हिशेब करून बघा. बरेचसे सिनेमे २.३९ : १ या लांबट चौकटीत असतात. ६५ इंची टीव्हीवर असा सिनेमा लावला की ८१ सेंटिमीटरपैकी चित्र फक्त ६० सेंटिमीटरमध्ये येतं. वर दहा आणि खाली दहा सेंटिमीटरची काळी पट्टी. पूर्ण दोन तास ती तुमच्या डोळ्यांसमोर असणार. ती जर राखाडी चमकत राहिली तर पडद्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त जागा तुम्हाला सतत सांगत राहते की टीव्ही स्वस्तातला आहे.

आता मागचे दिवे. ते फक्त कडेला असतील तर टीव्ही पातळ होतो आणि कोपरे पांढरटतात. माझ्या जुन्या टीव्हीची कथा हीच. दिवे पूर्ण पाठीमागे पसरलेले असतील तर उजेड सारखा पडतो. त्यातही दिव्यांचे गट करून चित्रात जिथे अंधार आहे तिथले मंद करायची सोय असेल, म्हणजे लोकल डिमिंग, तर खरी मजा. हे गट शेकड्यांनी करून दिवे अगदी बारीक केले की त्याला मिनी एलईडी म्हणतात. दोन-चार वर्षांपूर्वी ही चैन होती, आता टीसीएल, हायसेन्स यांच्यासारख्या कंपन्यांमुळे ५५ इंचीत मध्यम बजेटमध्येही येते. माझा कौल स्पष्ट आहे : साधा ६५ आणि चांगला मिनी एलईडी ५५ एकाच भावात मिळत असतील आणि अंतर सात फुटांच्या आत असेल, तर ५५ घ्या. अंतर त्याहून जास्त असेल तर आणखी दोन महिने पैसे साठवा आणि ६५ मिनी एलईडीच घ्या.

क्यूएलईडी या नावाने भुलू नका. त्यात रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर असतो, रंग खरोखर छान येतात, पण काळ्याशी त्याचा संबंध नाही. ओएलईडी मात्र वेगळंच प्रकरण. तिथे मागे दिवेच नसतात, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. अंधाऱ्या खोलीत त्याच्यासारखं चित्र नाही. पण भाव लाखाच्या आसपास, आणि ज्या घरात दिवसभर बातम्यांचं चॅनेल चालू असतं तिथे खालची ती न हलणारी लाल 'ब्रेकिंग' पट्टी कालांतराने पडद्यावर कायमची उमटण्याचा धोका. आमच्याकडे बाबांमुळे तो प्रश्नच निकालात निघाला.

एचडीआरच्या शिक्क्याबद्दल दोन ओळी. तो शिक्का एवढंच सांगतो की टीव्हीला एचडीआरचा सिग्नल वाचता येतो. दाखवता येतो की नाही हे उजेडावर आहे, तो निट्समध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही २५०-३०० निट्सवर संपतात. त्यावर एचडीआर सिनेमा उलट अंधारा दिसतो. ६०० निट्सच्या पुढे आणि लोकल डिमिंगसह, तरच फरक कळतो. डॉल्बी व्हिजन, म्हणजे एचडीआरचाच एक प्रगत प्रकार, असेल तर उत्तम, पण मंद दिव्यांवर तेही काही करू शकत नाही.

पायरी ३ : गेमिंगसाठी खोक्याचं पुढचं नाही, टीव्हीच्या पाठचं वाचा

गेल्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. "मावशी, फसवलं गं आपल्याला. खोक्यावर १४४ हर्ट्झ आहे आणि पीएस५ वर ६० च्या पुढे काही जातच नाही." (हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, आणि पीएस५ म्हणजे प्लेस्टेशन ५.) टीव्ही माझ्या सल्ल्याने घेतलेला, म्हणजे जावंच लागलं.

टीव्ही भिंतीवर होता. मोबाइलचा टॉर्च लावून मागे पाहिलं. एचडीएमआयची तीन भोकं. त्यातल्या एकाच्याच शेजारी अगदी बारीक अक्षरात 'फोर-के १४४' लिहिलेलं, आणि त्याच भोकात साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) बसवून गेला होता फिटिंगचा माणूस. कारण साउंडबारसाठी लागणारं ईएआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर पाठवायची सोय, तीही तिथेच होती. साउंडबार ऑप्टिकल केबलवर हलवला, कन्सोल तिथे लावला. तरी ६०. मग लक्षात आलं की केबल जुन्या सेट-टॉप बॉक्सची आहे. कन्सोलच्या खोक्यातली केबल शोधून काढली. तरी ६०! शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा एचडीएमआय सिग्नल 'स्टँडर्ड'वर होता तो 'एन्हान्स्ड' केला. पडदा दोनदा काळा झाला आणि पीएस५ च्या व्हिडिओ आउटपुटच्या पानावर १२० आले. वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये हात घालण्यात.

या एका संध्याकाळीत खरेदीचे सगळे प्रश्न येतात. दुकानात हे विचारा :

पॅनेल मुळात १२० हर्ट्झचं आहे का? 'मोशन रेट २४०' वगैरे आकडे कंपन्यांनी स्वतःच ठरवलेले असतात, त्यावर जाऊ नका. आणि '१२० हर्ट्झ डीएलजी' लिहिलं असेल तर सावध. तिथे पॅनेल ६० चंच असतं. १२० गाठण्यासाठी उभ्या दिशेचं रेझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, निम्म्यावर आणलं जातं. फसवणूक म्हणणार नाही, पण ते अस्सल १२० नाही.

एचडीएमआय २.१ ची पोर्ट किती, आणि ईएआरसी त्यातल्याच एकावर आहे का? जुन्या २.० पोर्टमधून फोर-के ६० पर्यंतच जातं. व्हीआरआर, म्हणजे गेमचा वेग कमीजास्त झाला की टीव्हीनेही त्याच्याशी पाऊल जुळवणं, पीएस५ वर फक्त २.१ मधूनच चालतं.

गेम मोड आहे का आणि तो आपोआप लागतो का? या आपोआपला एएलएलएम म्हणतात. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी मध्ये बराच वेळ खातो. गेम मोड बंद असेल तर बटण दाबल्यावर उडी मारायला दहावा भाग सेकंदसुद्धा लागू शकतो, तोवर आपला खेळाडू दरीत. गेम मोडवर हाच वेळ वीसेक मिलिसेकंदांच्या खाली यायला हवा.

आता खरं सांगायचं तर बरेच कन्सोल गेम ३० किंवा ६० वरच चालतात. घरात पीएस४ असेल, किंवा मुलं फक्त फुटबॉल आणि क्रिकेट खेळत असतील, तर १२० साठी जादा पैसे देऊ नका; ते पैसे मिनी एलईडीकडे वळवा. १२० चा एक छुपा फायदा मात्र सिनेमावाल्यांना आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक चित्र पाचदा. साध्या ६० वर एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, असं लंगडत चालतं. कॅमेरा हळू सरकताना ते अडखळणं जाणवतं.

पायरी ४ : दुकानात

शोरूममधला प्रत्येक टीव्ही 'व्हिविड' मोडवर आणि कंपनीच्याच व्हिडिओवर असतो. पेनड्राइव्हवर स्वतःची एखादी अंधारी क्लिप न्या. मोबाइलवर रात्री काढलेला गणपती मिरवणुकीचा व्हिडिओही चालेल, दिव्यांची माळ आणि मागे काळं आकाश हवं. मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करायला सांगा. दिव्यांभोवती धुकट वलय पसरतंय का, आकाश काळं राहतंय का, ते बघा. रिमोटवरून मेनूत फिरून बघा. इथेच अडखळत असेल तर वर्षभराने रडवेल. टीव्हीतलं सॉफ्टवेअर गूगल टीव्ही असेल तर २ जीबी रॅम कमीत कमी, ३ असेल तर बरं. अर्थात सॉफ्टवेअर जुनं झालं तर चार-पाच हजारांची, एचडीएमआयमध्ये खोचायची स्ट्रीमिंग स्टिक लावता येते, पॅनेल बदलता येत नाही. त्यामुळे यावर फार डोकं घालू नका.

तुमच्या तालुक्यात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, हा प्रश्न कॉन्ट्रास्टएवढाच महत्त्वाचा. ऑनलाइन स्वस्त दिसणारा ब्रँड पुण्या-मुंबईत ठीक असतो. गडहिंग्लजला किंवा देवगडला माणूस यायला किती दिवस लागतात ते आधी फोन करून विचारा. वॉरंटीबाहेर पॅनेल गेलं तर त्याचा खर्च बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

पायरी ५ : पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या लेखांतले आणि व्हिडिओंतले भाव धरू नका. मी लिहितेय तेव्हा साधा ५५ इंची फोर-के तिशीत सुरू होतो, १४४ हर्ट्झचा ५५ मिनी एलईडी पन्नाशीच्या आसपास किंवा थोडा वर, आणि ६५ चा सत्तरीकडे.

दसरा, दिवाळी, पाडवा हे आपले मुहूर्त आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी हे ऑनलाइनवाल्यांचे. दोन्हींत भाव पडतात. पण सेलच्या आधी महिनाभर तुमच्या मॉडेलचा भाव वहीत लिहून ठेवा, नाहीतर 'एमआरपीवर ५० टक्के सूट' हे वाक्य फार गोड वाटतं. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी असते आणि व्याजाच्या रकमेवर बँक १८ टक्के जीएसटी लावते. हजारभराचा फटका तिथे बसतो.

६० हजार असतील तर सगळे टीव्हीत घालू नका. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात. संवाद ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की गाण्याला शेजारी दार वाजवतात. सात-आठ हजार साउंडबारला बाजूला काढा.

पायरी ६ : घरी आल्यावर

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. फुटलेलं पॅनेल वॉरंटीत बसत नाही, आणि ते कुणी फोडलं यावर नंतर फार वाद होतात. टीव्ही सुरू केल्या केल्या यूट्यूबवर राखाडी रंगाची संपूर्ण स्क्रीन लावा. डाग, पट्टे, मेलेले ठिपके लगेच दिसतील. बदलून मिळायची मुदत सहसा सात-दहा दिवसांची असते, त्यामुळे हे 'रविवारी बघू' करू नका. विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

नव्या इमारतींत आतल्या भिंती पुष्कळदा विटांच्या नसून हलक्या ब्लॉकच्या असतात, ज्यांना मिस्त्री लोक सिपोरेक्स म्हणतात. त्यात साधा प्लॅस्टिकचा गिट्टा धरत नाही. फिटिंगवाल्याला आधीच सांगा, ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात. आणि भिंतीवर चढवायच्या आधी कन्सोलची केबल योग्य पोर्टमध्ये स्वतः घाला. भाच्याच्या घरची पंधरा मिनिटं आठवा. स्टँडवर ठेवणार असाल तर पाय दोन टोकांना असतात. ६५ इंचीला साडेतीन-चार फुटांचं टेबल पुरेलच असं नाही, पायांमधलं अंतर विचारून घ्या.

मग सेटिंग. मोड 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, नंतर जुनं निळसर वाटायला लागेल. शार्पनेस बराच खाली आणा, वीज वाचवायचा मोड बंद करा. आणि ते मोशन स्मूदिंग, म्हणजे मध्ये स्वतःची चित्रं घुसवून हालचाल गुळगुळीत करायची सोय! सॅमसंगमध्ये त्याचं नाव पिक्चर क्लॅरिटी (जुन्या टीव्हींत ऑटो मोशन प्लस), एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. ते चालू असलं की मोठ्यातला मोठा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. सिनेमासाठी बंद, क्रिकेटसाठी हवं तर थोडं चालू.

नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये मिळतं आणि इंटरनेटला १५ एमबीपीएस लागतात, हे कळेपर्यंत माझ्या बहिणीने सहा महिने एचडी बघून "कसला भारी फोर-के" असं कौतुक केलं होतं. डिशवर मराठी चॅनेल साधे असतील तर ६५ इंचांवर चेहरे पुसट दिसतील. पॅक एचडी करून घ्या, नाहीतर आई पहिल्याच संध्याकाळी जुना टीव्ही परत मागेल.

कोकणात राहत असाल तर वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि डिशची वायरही सेट-टॉप बॉक्समधून उपसून ठेवा. वीज बऱ्याचदा तिकडून येते. खोकं आणि आतला थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर राहू दे. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये काढा. कागदी बिलावरची शाई वर्षभरात उडते, आणि वॉरंटी नेमकी तेव्हाच लागते.